पातळ दिसणारे दूध, बाळाचा मेंदू आणि मजूर आईचा वेळ

डेअरीवर दूध नेले की आधी त्याची फॅट मोजतात. फॅट किती लागली यावर भाव ठरतो. म्हशीच्या दुधाला सहा-सात लागते, गाईच्या दुधाला साडेतीन-चार. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावात दूध पारखण्याची ही सवय घराघरात आहे. दाट ते चांगले, पातळ ते हलके. हाच नियम मग बाळंतिणीलाही लावला जातो. तिचे दूध निळसर, पाण्यासारखे दिसले की घरातली एखादी जाणती बाई म्हणते, "तुझं दूध पातळ आहे, लेकराचं पोट भरत नाही. वरचं दूध चालू कर." आणि पंधरा दिवसांच्या बाळाच्या तोंडात बाटली जाते.

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. आईच्या दुधातील स्निग्धांश म्हणजे फॅट नेमके काय करते, ते दुधात कधी उतरते आणि ते बाळाला पूर्ण मिळण्यासाठी आईला काय लागते, हे समजून घेतले तर प्रश्न दुधाच्या दाटपणाचा नाही हे लक्षात येते. प्रश्न आईच्या वेळेचा आणि तिच्या अन्नाचा आहे. म्हणूनच हा विषय केवळ बायकांच्या गप्पांचा नाही, तो कार्यकर्त्यांचाही आहे.

आईच्या दुधात फॅट किती?

आईच्या १०० मिलिलीटर दुधात साधारण साडेतीन ते साडेचार ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणजे गाईच्या दुधाइतकाच. बाळाला दुधातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा या स्निग्धांशातून येते. मग दूध पातळ का दिसते? कारण त्यात प्रथिने कमी असतात. गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात, त्यातही केसीन नावाचे प्रथिन जास्त असते आणि त्यामुळे ते दूध पांढरे, घट्ट दिसते. वासराला काही महिन्यांत उभ्या अंगाने वाढायचे असते, त्याला तेवढी प्रथिने हवीत. माणसाच्या बाळाचे शरीर सावकाश वाढते, पण त्याचा मेंदू फार वेगाने वाढतो. त्याची गरज वेगळी, म्हणून त्याचे दूधही वेगळे.

ज्यांना पटत नाही त्यांनी एक गोष्ट पाहावी. आईचे काढलेले दूध स्वच्छ वाटीत झाकून थोडा वेळ ठेवले तर वर सायीसारखा थर जमतो. फॅट त्यात आहेच. हलक्या हाताने वाटी फिरवली की तो थर पुन्हा दुधात मिसळतो.

हे फॅट मेंदूत काय करते?

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचे वजन ३५० ते ४०० ग्रॅम असते. पहिल्या वाढदिवसापर्यंत ते दुपटीहून जास्त होते. पाणी वगळले तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. म्हणजे या एका वर्षात बाळाच्या डोक्यात जे बांधकाम चालते, त्याचा माल मोठ्या प्रमाणावर स्निग्धांशाचा असतो.

यात दोन आम्लांची नावे ऐकायला मिळतात : डीएचए आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल. दुधात त्यांचे प्रमाण फार थोडे असते, एकूण स्निग्धांशाच्या एक टक्क्याहूनही कमी. पण मेंदूच्या पेशींच्या भिंतींत आणि डोळ्याच्या पडद्यात ती साठवली जातात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून डीएचए झपाट्याने घेत असते. म्हणून दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अपुरी राहते, आणि अशा बाळाला आईच्या दुधाची गरज अधिकच असते.

दुसरे काम मज्जातंतूंच्या वेष्टणाचे. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे आवरण असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढते. त्यामुळे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत वेगाने पोहोचतो. बाळ मान धरते, पालथे पडते, बसते, उभे राहते, त्यामागे हे आवरण चढण्याचे काम असते. मायलिनच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो.

दुधातील फॅटचे थेंबही साधे नसतात. प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यात मेंदूला व आतड्याला उपयोगी अशी स्निग्ध द्रव्ये असतात. कोलेस्टेरॉलचे नाव ऐकून मोठी माणसे घाबरतात, पण बाळाला नव्या पेशींच्या भिंती उभारायला ते लागते आणि आईच्या दुधात ते असते. अ, ई आणि के ही जीवनसत्त्वेही याच स्निग्धांशातून येतात. के आणि ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात कमी असते. म्हणून जन्मल्याबरोबर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतात. ते टाळू नयेत.

पचवण्याची सोयही दुधातच

नवजात बाळाला फॅट पचवणे सोपे नसते. त्याच्या स्वादुपिंडातून चरबी पचवणारा पाचकरस अजून पुरेसा येत नसतो. आईच्या दुधात मात्र चरबी पचवणारे एक विकर असतेच. बाळाच्या आतड्यात पित्तरसाशी गाठ पडली की ते कामाला लागते. शिदोरीबरोबर ती पचवण्याचे साधनही आई देते. गाईच्या दुधात हे विकर नसते आणि तापवलेल्या दुधात ते टिकत नाही.

आणखी एक बारकावा आहे. आईच्या दुधात पामिटिक आम्ल बरेच असते, पण ते स्निग्ध रेणूच्या मधल्या जागी बसलेले असते. त्यामुळे ते सहज शोषले जाते. वनस्पती तेलांपासून बनवलेल्या बऱ्याच पावडरींत तेच आम्ल रेणूच्या कडेला असते. पचताना ते सुटे होते, कॅल्शियमशी चिकटते आणि साबणासारखा घट्ट पदार्थ तयार होऊन शीवाटे निघून जाते. पावडरवरच्या बाळांना शी घट्ट होते त्यामागचे हे एक कारण आहे. फॅट वाया जाते आणि सोबत कॅल्शियमही.

पहिला तास आणि चीक

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर दूध म्हणजे चीक. त्यात फॅट पुढच्या दुधापेक्षा कमी असते, पण अ जीवनसत्त्व आणि रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. बाळाचे पोट तेव्हा एवढेसे असते, त्याला ते काही चमचे पुरतात. चीक पिळून टाकणे, त्याऐवजी मध किंवा गूळपाणी चाटवणे या प्रथा अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळे सुमारे ४२ टक्केच होती. म्हणजे आई दवाखान्यापर्यंत पोहोचली तरी निम्म्याहून अधिक बाळे त्या पहिल्या तासाला मुकली. इथे अंधश्रद्धा आडवी येते तशी दवाखान्यातली घाईही आडवी येते.

फॅट शेवटी उतरते

आता मुख्य मुद्दा. बाळ प्यायला लागते तेव्हा सुरुवातीचे दूध पातळ असते. ते तहान भागवते. जसजशी छाती रिकामी होत जाते तसतसे दुधातील फॅट वाढत जाते. शेवटच्या घोटांतील फॅट सुरुवातीच्या दुपटी-तिपटीपर्यंत जाऊ शकते. कारण फॅटचे थेंब दुधाच्या बारीक नळ्यांना आणि एकमेकांना चिकटून मागे राहतात आणि पान्हा फुटून दूध वाहत राहिले की मग सुटून येतात. त्यामुळे बाळाला एका बाजूचे पोटभर पिऊ द्यावे, स्वतःहून सोडेपर्यंत थांबावे आणि मगच दुसरी बाजू द्यावी. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांत बाजू बदलू नये.

आई दिवसभर बाळाजवळ असेल तर मागेल तेव्हा पिऊन बाळ स्वतःच हिशेब जुळवून घेते. अडचण येते ती आई दूर असताना. सकाळी सातला सोयाबीन सोंगायला गेलेली बाई दिवस कलल्यावर घरी येते. मधल्या वेळात बाळाला बाटली, बिस्किटाचे पाणी नाहीतर पातळ केलेले दूध दिले जाते. तिकडे शेतात तिची छाती भरून दुखत असते. दूध साचून राहिले की शरीराला निरोप जातो की एवढ्या दुधाची गरज नाही. काही दिवसांत दूध खरोखरच कमी होते. मग सगळे म्हणतात, "हिला दूधच नाही." दूध होते, पाजायला वेळ नव्हता.

पावडरचा डबा महाग असतो. मजुराच्या घरात तो पुरवून पुरवून वापरला जातो आणि सांगितलेल्यापेक्षा जास्त पाणी घातले जाते. तिथेही बाळाच्या वाट्याचे फॅट कमी होते, आणि पाणी किंवा बाटली अस्वच्छ असेल तर जुलाब ठरलेले. वैद्यकीय कारणाने काही मातांना डॉक्टर पावडर सांगतात, त्यात कमीपणा नाही. पण दूध पातळ दिसते हे कारण होऊ शकत नाही. बाळ दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे. वजन वाढत नसेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे.

हा हक्क कुठून आला?

बाळंतिणीच्या विश्रांतीला कायद्याचा आधार असावा हा विचार आपल्याला नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची गोष्ट आहे आणि तिचा बराच भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, १९३० मध्ये मध्य प्रांतातही झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये बाबासाहेबांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

स्वतंत्र भारतात १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. त्यात कामावर परतलेल्या आईला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेगळी सुटी देण्याची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. फक्त आईचे दूध द्या असे डॉक्टर सांगतात तोही काळ तेवढाच.

पण हे कायदे कारखान्यांसाठी, कार्यालयांसाठी आहेत. सोंगणी, निंदणी, कापूस वेचणी करणारी आणि वीटभट्टीवर राबणारी बाई १९२९ मध्ये त्यांच्या बाहेर होती आणि जवळपास तशीच आजही आहे. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. त्यात पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. ५,००० रुपये सहा महिन्यांवर विभागले तर दिवसाला सुमारे २८ रुपये पडतात. सोंगणीची एका दिवसाची मजुरी त्याच्या कितीतरी पट असते. एवढ्या पैशात कोणती आई घरी थांबू शकेल?

आई काय खाते?

आईने अर्धपोटी राहूनही दुधात फॅट उतरते, कारण शरीर स्वतःच्या साठ्यातून ते देते. म्हणजे बाळाची भूक भागते, पण आईचे अंग झिजते. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०२० चे मार्गदर्शन सांगते. बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली डाळ, भाजी, पाणी तोडणे चुकीचे आहे.

फॅट कोणत्या प्रकारचे उतरेल हे मात्र आईच्या ताटावर अवलंबून असते. विदर्भात जवसाची चटणी जुनी आहे. जवसात ओमेगा-३ प्रकारचे आम्ल भरपूर असते आणि ते दुधात उतरते. शरीर त्यातून डीएचए बनवते, पण फार थोडे. थेट डीएचए मासे आणि अंड्यांतून मिळते. तळ्यातले मासे, बाजारातली सुकट, एक अंडे ही महागडी औषधे नाहीत. जे खात नाहीत त्यांनी जवस, सोयाबीन तेल आणि अक्रोड यांचा आधार घ्यावा. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले तळण टाळावे, कारण त्यातली अपायकारक ट्रान्स फॅटही दुधात उतरते.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले तरी किमान दोन वर्षे अंगावरचे दूध चालू ठेवावे. बाळाच्या वरण-भातात चमचाभर तेल किंवा तूप घालावे. त्याचे पोट लहान असते आणि एक ग्रॅम फॅट नऊ कॅलरी देते, भात-पोळीचा एक ग्रॅम चारच. नुसते वरणाचे पाणी पाजून मूल बाळसे धरत नाही.

दुसऱ्या आईचे दूध

आईचे दूध मिळूच शकत नाही अशीही बाळे असतात. महामायेच्या निधनानंतर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने दूध पाजून वाढवले. पुढे स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी आनंदने तथागतांना विनंती केली, तेव्हा गौतमीने आपले दूध पाजले याची त्याने आठवण करून दिली, असे विनयपिटकात आले आहे. पाजणाऱ्या बाईचे उपकार मोजले गेले आणि तिच्या हक्कासाठी ते बोलूनही दाखवले गेले. आजच्या काळात हेच काम दुग्धपेढी करते. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. इतर मातांनी दान केलेले दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून कमी दिवसांच्या बाळांना दिले जाते. तापवल्याने ते पाचक विकर जाते, तरीही हे दूध अशा बाळांसाठी पावडरीपेक्षा चांगले ठरते. अशी सोय जिल्ह्याच्या दवाखान्यांपर्यंत यावी ही मागणी आपण केली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले, वस्तीत कोण बाळंत झाली याची नोंद महिला मंडळाने ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात दोघी-तिघींनी तिला भेटायला जावे. दूध पातळ असल्याची भीती पहिल्या पंधरा दिवसांतच घालते. सासूला आणि नवऱ्यालाही बैठकीत बसवावे. नवऱ्याने पाणी भरले, चूल सांभाळली तर पाजायला वेळ मिळतो.

दुसरे, मातृ वंदना योजनेचे अर्ज, आधार आणि बँकेच्या अडचणी तरुणांनी सोडवाव्यात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. तो मिळतो का, हे पाहावे. आदिवासी क्षेत्रांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. तसे गरम जेवण बिगरआदिवासी भागातल्या मजूर मातांनाही मिळावे, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

तिसरे, सोंगणी-वेचणीच्या दिवसांत टोळीतल्या बायकांनी एक वयस्कर बाई लेकरे सांभाळायला शेताच्या कडेला बसवावी, तिची मजुरी सर्वांनी मिळून द्यावी आणि पाजणाऱ्या आईची दोन वेळची सुटी शेतमालकाशी आधीच ठरवून घ्यावी. बाळ सोबत नेता येत नसेल तर आईने स्वच्छ हाताने दूध काढून झाकण असलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. सावलीच्या थंड जागी ते चार तासांपर्यंत राहते, वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे. ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नाही.

चौथे, १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांच्या पावडर-दुधाची जाहिरात करण्यास आणि फुकट नमुने वाटण्यास बंदी आहे. कुठे असे डबे वाटले जात असतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

आणि शेवटचे. जयंतीची वर्गणी आपण आनंदाने देतो. तिचा एक वाटा वस्तीतल्या नव्या मातांसाठी बाजूला ठेवता येईल. एका आईला आणखी महिनाभर मजुरीला जावे लागले नाही, तर त्या महिन्यात एक मूल रोज पोटभर, शेवटच्या घोटापर्यंत दूध पिईल. १४ एप्रिलच्या बैठकीत हिशेब मांडताना हा खर्चही वहीत लिहिलेला असू द्या.

जय भीम!